फुली

लॅम रोडवरच्या आमच्या दुकानात
बंदुका आता तीनच. बाकी छर्रे, तेल, चामडी पट्टे,
आणि काचेच्या कपाटात, मखमलीवर, सात स्कोप.
जालशेठ गेल्यापासून किल्ली माझ्याकडे असते.

पळशाचा त्र्यंबक गायखे आला तो ठिबकची नळी घेऊन,
हातभर काळा तुकडा, दोन जागी चावलेला.
काउंटरवर ठेवला, पंचनाम्यात ठेवतात तसा.
"कोल्हं. तिसरं बंडल हे.
सगळ्यात मोठी दुर्बीण काढा."

परवाना कशाचा?
"डुकराचा."
मग कोल्ह्याचं नाव माझ्यासमोर घेऊ नका.
"नाही घेतलं," म्हणाला, आणि नळी खिशात घालू लागला.
मावली नाही.

माणसं सगळी मोठंच मागतात.
मी त्याला दारात नेलं, नऊपट दिली हातात.
समोर बेकरीची पाटी, तिच्यावरचा अनुस्वार बघा.
सापडला?
"हालतोय."
अनुस्वार नाही हालत. तुमचा श्वास हालतोय, तोही नऊपट.
आता ही चारपट धरा.
पाटी आली, खालचं शटर आलं, शटरपुढचं कुत्रं,
कुत्र्याचं शेपूट कुठं संपतं तेसुद्धा.
रानात आधी कुठं ते सापडावं लागतं,
काय ते मागून.

शिवाय हिशेब: चाळीसची काच, भागिले चार, दहा.
अंधारात बुबुळ साताच्या वर उघडत नाही,
म्हणजे उजेड उरतो.
नऊपटीत साडेचारसुद्धा नाही, दिवेलागणीलाच मध्यरात्र.
हे जालशेठ पाढ्यासारखं म्हणायचे,
ब्रून चहात बुडवता बुडवता.

त्यानं चारपट घेतली. घासाघीस केली नाही.
मला ते आवडलं नाही.
भाव न करणाऱ्या माणसाला कसली तरी घाई असते.

आठवड्यात निवडणूक लागली.
बंदूक नाशिकरोड ठाण्यात जमा, पावती हातात.
स्कोप तेवढा घरी राहिला.
नुसत्या बघण्याला परवाना लागत नाही.

दीड-दोन महिन्यांनी आला.
"मादी आहे," म्हणाला. मी विचारलं नव्हतं.
"डाव्या कानाला खाच.
पंपघराच्या स्लॅबवर बसतो मी, पाहाटंचा, ही डोळ्याला लावून.
सातव्या ओळीत येती, ड्रिपरखाली तोंड धरती.
मग लाईट जाती आमची.
दाब उतरतो, धार तुटती, थेंब होतात,
थेंबाथेंबातलं अंतर वाढत जातं.
शेवटी शेवटी एका थेंबाला मी चाळीस मोजले.
तवर ती हालत नाही. मी बी नाही.
पडायचाच बंद झाला, की मग चावती."

आणि?
"आणि काय. शेवटच्या ओळीचं बूच सैल करून ठेवलंय.
बंडलापरीस स्वस्त पडतं."

मग स्कोप मखमलीवर ठेवून, जरा अवघडून,
"एक काम होतं.
मधली फुली काढता येईल का?
कुठंही बघा, तिच्या अंगावरच येती."

मी सांगितलं, ती काचेतच कोरलेली असते.
फुली काढली की तिला साधी दुर्बीण म्हणतात,
ती खालच्या फळीवर आहे, निम्म्या भावात. बदलून देतो.

तो दारात गेला. बेकरीकडं धरली.
बराच वेळ. मागे एक गिऱ्हाईक खोकलं.
"अनुस्वार हालत नाही आता," म्हणाला.
"राहू द्या हीच."

बंदूक आणली का? निकाल लागून बारा दिवस झाले होते.
त्यानं खिशातून ठाण्याची पावती काढली,
चार घड्यांची, घामानं मऊ पडलेली.
"आणायची आहे," म्हणाला,
आणि तिनंच काच पुसू लागला.

कागदानं नको, मी म्हटलं, चरे पडतात.
माझं फडकं दिलं.